सारखे दिसणारे फोटो पुसण्याआधी

फोनवर ‘स्टोरेज फुल’ झळकलं की पहिली कुऱ्हाड फोटोंवर कोसळते. ‘गुड मॉर्निंग’च्या चित्रांनी भारतीयांचे फोन इतके तुंबले होते, की २०१८ साली गुगलने ‘फाइल्स गो’ या अ‍ॅपमध्ये ती हुडकून पुसण्याची सोय दिली. एकाच फोटोच्या अनेक प्रती काढून टाकताना मात्र काही समजुती अंगाशी येतात.

गैरसमज : नाव एक, म्हणजे फोटो एक.

वस्तुस्थिती : बऱ्याच कॅमेऱ्यांत क्रमांक ९९९९ झाला की मोजणी पुन्हा ०००१ पासून सुरू होते. त्यामुळे लग्नाचा आणि बारशाचा फोटो एकाच नावाचा निघू शकतो. म्हणून चांगली सॉफ्टवेअर नावावर विसंबत नाहीत. ती फाइलच्या प्रत्येक बाइटवरून ‘हॅश’ काढतात. हा जणू फाइलचा अंगठ्याचा ठसा. एमडी५ पद्धतीत तो ३२ अंक-अक्षरांचा असतो. नाव बदललं तरी तो बदलत नाही.

गैरसमज : दिसायला सारखे, मग कुठलाही एक उडवला तरी चालेल.

वस्तुस्थिती : व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीसारखा पाठवलेला फोटो आकसतो; तो कधी, कुठे काढला याची कॅमेऱ्याने केलेली नोंदही गळते. ‘आयएमजी-२०२४०५१२-डब्ल्यूए०००७’ या नावातली तारीख फोटो काढल्याची नसते, व्हॉट्सअ‍ॅपवर आल्याची असते. बाइट बदलल्यामुळे मूळ फोटोशी त्याचा हॅशही जुळत नाही.

अशा जोड्या पकडायच्या तर फोटो ८ बाय ८ ठिपक्यांइतका लहान करून त्यातला उजेड-अंधार ताडून पाहतात. पण लागोपाठ टिपलेल्या दोन फोटोंपैकी एकात आजीचे डोळे मिटलेले असले, तरी या पद्धतीला ते एकच वाटू शकतात. ठेवायची प्रत स्वतः उघडून बघावी. पिक्सेल आणि फाइलचा आकार तपासावा.

गैरसमज : अल्बममध्ये टाकलं की दुसरी प्रत तयार होते.

वस्तुस्थिती : गुगल फोटोज किंवा आयफोनच्या अल्बममध्ये फोटोची फक्त नोंद असते. लायब्ररीतून फोटो पुसला की तो अल्बममधूनही जातो.

गैरसमज : क्लाउडवर आहे, फोनमधला बिनधास्त पुसा.

वस्तुस्थिती : बॅकअप झालेला फोटो गुगल फोटोज अ‍ॅपमधून डिलीट केला, तर तो फोन आणि क्लाउड दोन्हींकडून जातो. फक्त फोन मोकळा करायचा असेल, तर ‘फ्री अप स्पेस’ वापरावं. चुकून पुसलेला, बॅकअप असलेला फोटो ६० दिवस ट्रॅशमध्ये मिळतो. आयफोनवर २०२२च्या आयओएस १६ पासून ‘डुप्लिकेट्स’ अल्बम आहे. तिथे ‘मर्ज’ केल्यावर सर्वांत चांगली प्रत राहते आणि बाकीच्या ३० दिवस ‘रिसेंटली डिलीटेड’मध्ये पडून असतात. तोवर त्या जागाही अडवतात.