व्हिसा स्वाराचा, पण गाडीचं काय?

रविवारी पहाटे बोरिवली-अंधेरीतून मनोर-जव्हारकडे आणि मुलुंड-घाटकोपरमधून माळशेज घाटाकडे निघणारे मोटरसायकलस्वारांचे गट आता उपनगरांना नवे नाहीत. यातल्या अनेकांचं लडाख झालेलं असतं, २०१३ मध्ये गोव्यात सुरू झालेला ‘इंडिया बाइक वीक’ही पाहून झालेला असतो. मग नजर परदेशातल्या मेळाव्यांकडे वळते. जर्मनीत १९५६ साली सुरू झालेला ‘एलेफांटेनट्रेफेन’ हा मेळावा ऐन हिवाळ्यात, बव्हेरियातल्या बर्फात तंबू ठोकून भरतो. जगभर फिरणाऱ्यांसाठी ‘हॉरायझन्स अनलिमिटेड’चे मेळावे वेगवेगळ्या देशांत होतात. ग्रँट आणि सुझन जॉन्सन हे दांपत्य स्वतः मोटरसायकलवर जग फिरलं आणि १९९७ मध्ये त्यांनी हे काम सुरू केलं. तिथे गाड्यांचं प्रदर्शन दुय्यम असतं. कोणती सीमा कशी ओलांडली, टायर रस्त्यात कसा बदलायचा, कागद कुठे अडतात, हे केलेल्या माणसाकडून ऐकायला लोक जमतात. असं ठिकाण गाठण्याची इच्छा अगदी रास्त आहे, आणि उपनगरात राहून नोकरी करणाऱ्या माणसाच्या आवाक्यातलीही आहे. ती अडते चुकीच्या समजुतींवर. या समजुती वरवर वेगवेगळ्या दिसल्या तरी त्यांचं मूळ एकच आहे. आपण मोटरसायकलला सोबतचा प्रवासी समजतो. परदेशी कस्टम्सच्या लेखी ती माल असते, आयात शुल्क लागू शकणारा आणि सहज विकता येणारा माल. ही एक गोष्ट नीट ध्यानात घेतली की पुढचं बरंचसं नियोजन आपोआप जागेवर येतं.

गैरसमज : व्हिसा मिळाला की गाडी नेता येते

व्हिसा माणसाला मिळतो. गाडीला वेगळी परवानगी लागते, आणि अनेक देशांत तिचं नाव असतं ‘कार्नेट द पासाज’. इराण, इजिप्त, जपान, ऑस्ट्रेलिया अशा देशांत गाडी तात्पुरती न्यायची तर हे कागद लागतात. भारतही परदेशातून येणाऱ्या गाडीकडे कार्नेट मागतो, त्यामुळे हा नियम आपल्याच वाट्याला आला आहे असं मानण्याचं कारण नाही. मुंबईकरांसाठी सोय अशी की १९१९ साली स्थापन झालेली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ही संस्था चर्चगेटला आहे आणि ती कार्नेट देते. कार्नेट म्हणजे हमी. गाडी ठरलेल्या मुदतीत देशाबाहेर गेली नाही, तर तिच्यावरचं शुल्क भरण्याची जबाबदारी देणाऱ्या संस्थेवर येते. म्हणून संस्था आधी स्वाराकडून बँक हमी किंवा अनामत घेते. ही रक्कम गाडीची किंमत आणि मार्गातले देश यांवर ठरते. ती खर्च होत नाही, पण प्रवास संपून कार्नेट परत करेपर्यंत अडकून पडते. अंदाजपत्रक मांडताना हा फरक हमखास निसटतो.

कार्नेटच्या वहीचं एक पान पाहिलं की त्याची रीत कळते. प्रत्येक पान तीन तुकड्यांचं असतं. देशात शिरताना कस्टम्स अधिकारी एक तुकडा फाडून घेतो, बाहेर पडताना दुसरा, आणि वहीत उरलेल्या तिसऱ्या तुकड्यावर दोन्ही वेळचे शिक्के बसतात. शिरतानाचा शिक्का आहे आणि बाहेर पडतानाचा नाही, तर कागदोपत्री गाडी अजून त्याच देशात आहे. सीमेवर गर्दी होती, अधिकाऱ्याने हाताने जायची खूण केली, आपण निघालो, असं झालं तर काही महिन्यांनी शुल्काची मागणी येऊ शकते. त्यामुळे सीमा सोडण्याआधी पान उघडून शिक्का पाहणं हे इंजिन ऑइल पाहण्याइतकंच आवश्यक आहे.

यावर आक्षेप येतो की युरोपियन युनियनमध्ये तर कार्नेट लागत नाही. हे खरं आहे. बाहेर राहणाऱ्या माणसाला आपली गाडी तिथे सहा महिन्यांपर्यंत तात्पुरती वापरता येते. पण शेंगेन व्हिसावर माणसाला कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. गाडीची मुदत वेगळी, स्वाराची वेगळी, हे कार्नेट नसलेल्या भागातही सुटत नाही. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, त्यामुळे तिथल्या मेळाव्यासाठी वेगळा व्हिसा लागतो. शिवाय गाडी परत मुंबईला आणताना ती इथूनच गेलेली तीच गाडी आहे हे इंजिन आणि चॅसी क्रमांकांसह कागदावर सिद्ध करावं लागतं. जाताना कस्टम्सचे कागद नीट केले नाहीत, तर येताना स्वतःचीच गाडी सोडवणं जड जातं.

गैरसमज : एजंटचं ‘इंटरनॅशनल लायसन्स’ पुरतं

रंगीत छापील कार्ड विकणारे बरेच आहेत, पण भारतीय चालकाला आंतरराष्ट्रीय परवाना देण्याचा अधिकार आरटीओचा आहे. पत्त्यानुसार अंधेरी, बोरिवली, किंवा मुलुंड-घाटकोपरकरांसाठी वडाळा इथल्या कार्यालयाकडे अर्ज जातो, आणि तो परिवहन खात्याच्या संकेतस्थळावरून भरता येतो. शुल्क हजार रुपये, मुदत एक वर्ष. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार हा परवाना दिला जातो, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने त्याचा नमुना देशभर एकसारखा केला. मूळ भारतीय लायसन्स बरोबर ठेवावंच लागतं, कारण हा परवाना त्याला पूरक आहे, त्याच्या जागी चालत नाही.

खरी मेख वाहनाच्या वर्गात आहे. या परवान्यावर ‘ए’ म्हणजे मोटरसायकल आणि ‘बी’ म्हणजे मोटार. मूळ लायसन्सवर गिअरच्या मोटरसायकलची नोंद नसेल, तर ‘ए’ समोर शिक्का बसत नाही. तो नसताना गाडी चालवली तर पोलिसांच्या दंडापेक्षा मोठा धोका पुढे असतो. अपघात झाल्यास विमा कंपनी अवैध चालक म्हणून दावा नाकारू शकते. वर्षाची मुदतही विचारात घ्यायला हवी. फार आधी काढून ठेवलेला परवाना लांबच्या प्रवासात मध्येच संपतो.

गैरसमज : गाडीचा विमा आहेच, प्रवास विमाही काढू

भारतातली गाडीची पॉलिसी भारतापुरती असते. जादा हप्ता भरून तिचं क्षेत्र नेपाळ, भूतान, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीव इतकंच वाढवता येतं. त्यापलीकडे प्रत्येक देशात किंवा गटात तिथला तृतीयपक्ष विमा घ्यावा लागतो. युरोपात त्यासाठी ‘ग्रीन कार्ड’ पद्धत आहे, पण भारत तिचा सदस्य नाही. म्हणून युरोपात शिरताना सीमेवर मिळणारा विमा घेणं किंवा आधी एजंटामार्फत त्याची सोय करणं भाग असतं.

प्रवास विमा ही तिसरी गोष्ट. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण दाखवावं लागतं, आणि बहुतेक जण तेवढी अट पूर्ण करणारी स्वस्तातली पॉलिसी घेतात. तिच्या अपवादांच्या यादीत अनेकदा मोटरसायकल चालवताना झालेली इजा किंवा ठरावीक सीसीवरची गाडी बसलेली असते. म्हणजे व्हिसा मिळतो, पण ज्या कारणासाठी विमा हवा तेच वगळलेलं असतं. यादीतली ती ओळ वाचायला पाच मिनिटं लागतात. तीच पाच मिनिटं या सगळ्या तयारीत सर्वांत मोलाची आहेत.

चोरी होणार नाही असं गृहीत धरणंही याच जातीचं आहे. मुंबईहून निघून अनेक देश पार केलेल्या एका मराठी स्वाराची मोटरसायकल ऑगस्ट २०२५ मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅममध्ये, तो न्याहारीसाठी थांबला असताना, भरदिवसा चोरीला गेली. गाडीबरोबर पासपोर्ट आणि पैसेही गेले. कार्नेटच्या देशात असं घडलं तर गाडी बाहेर गेल्याचा शिक्का कधीच मिळणार नसतो. तेव्हा पोलिसांचा लेखी अहवाल हाच हमीची रक्कम वाचवण्याचा आधार उरतो. पासपोर्ट, परवाना आणि कार्नेट अंगावरच्या पिशवीत असावेत, गाडीच्या पेटीत नव्हे.

गैरसमज : मोठी आणि स्वतःचीच गाडी हवी

वर सांगितलेला स्वार ३९० सीसीच्या गाडीवर तिथवर पोहोचला होता. एड मार्च नावाच्या ब्रिटिश माणसाने होंडाच्या छोट्या सी-९० गाडीवर मलेशियाहून ब्रिटन गाठलं. तेव्हा अंतर कापायला मोठं इंजिन लागतं हा समज टिकत नाही. उलट गाडी माल आहे हे ध्यानात घेतलं, तर तिचा आकार थेट खर्चात उतरतो. सहारच्या एअर कार्गोमधून गाडी पाठवायची तर भाडं प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेलं वजन, यांतलं जे जास्त त्यावर लागतं. साधारण हिशेब असा, की एका घनमीटरचे १६७ किलो धरले जातात. २.२ मीटर लांब, ०.९ मीटर रुंद आणि १.२ मीटर उंच लाकडी खोका भरला, तर १७० किलोची गाडी भाड्यापुरती सुमारे ३९७ किलोची होते. पुढचं चाक, हँडल आणि आरसे काढून तोच खोका १.९ बाय ०.७ बाय १.१ मीटरवर आणला, तर आकडा २४४ च्या आसपास येतो. हा फरक पैशात मोठा आहे आणि तो पान्याने साधता येतो. न्हावा शेवाहून समुद्रमार्गे भाडं कमी पडतं, पण वेळ आठवड्यांत मोजावा लागतो. दोन्हीकडे टाकी रिकामी करणं, बॅटरीच्या तारा सोडवणं आणि क्लिअरिंग एजंटची मदत घेणं ओघाने आलंच.

मग इथूनच चालवत का जाऊ नये, हा प्रश्न स्वाभाविक आहे. पश्चिमेकडे अटारीची चौकी एप्रिल २०२५ मध्ये बंद झाली. पूर्वेकडे मणिपूरमधून म्यानमारमार्गे थायलंडला जाणारी वाट २०२१ च्या लष्करी उठावानंतर भरवशाची राहिली नाही. नेपाळ-तिबेटमार्गे चीनमधून जाता येतं, पण त्यासाठी आगाऊ परवानगी, तात्पुरता चिनी परवाना आणि सोबतीला तिथला मार्गदर्शक लागतो. हा खर्च वाटून घ्यायला गट लागतो, आणि वेळ महिन्यांत मोजावा लागतो.

म्हणून दोन-तीन आठवड्यांची रजा असेल तर गाडी तिथेच भाड्याने घेणं हा शहाणपणाचा निर्णय आहे. भाड्याची गाडी म्हणजे खरा प्रवास नव्हे, असं म्हणणाऱ्यांची भावना मी कमी लेखत नाही. आपल्या हाताने जपलेल्या गाडीवर परका रस्ता तुडवण्यात वेगळं समाधान असतंच. पण भाड्याच्या गाडीवर माल म्हणून येणारे सगळे प्रश्न तिच्या मालकाचे असतात. स्वाराकडे उरतो रस्ता आणि माणसं, आणि मेळाव्याला जाण्यामागचा हेतू तरी तोच असतो. मात्र गाडी कोणत्या देशांत नेता येईल हे भाडेकरारात आधी पाहावं. तीन महिने किंवा अधिक वेळ हाताशी असेल, तेव्हाच स्वतःची गाडी पाठवण्याचा खर्च आणि खटाटोप सार्थकी लागतो.

गैरसमज : तारीख पाहून तिकीट काढलं की झालं

मेळाव्याची तारीख हा प्रवासाचा शेवट मानला जातो. ती नियोजनाची सुरुवात मानली, तर सगळं सोपं होतं, कारण तीच एक गोष्ट आपल्या हातात नसते. तिथून मागे मोजत यावं. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. पण मे-जूनच्या तोंडावर मुंबईत भेटीच्या वेळा मिळणं कठीण होतं. युरोपातले बरेच मेळावे उन्हाळ्यातच असतात, तेव्हा जास्तीचा अवधी याच टप्प्याला द्यावा. मेळाव्याची आगाऊ नोंदणी प्रवासाच्या हेतूचा पुरावा म्हणून व्हिसाच्या अर्जाला जोडता येते. त्याआधी कार्नेट आणि त्याची हमी, गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र, आणि समुद्रमार्गे पाठवायची असेल तर जहाजाचे आठवडे. मेळावा प्रवासाच्या शेवटी ठेवण्यापेक्षा सुरुवातीला किंवा मध्यावर आला तर त्याचा उपयोग अधिक होतो. तिथे ऐकलेली रस्त्यांची, सीमांची ताजी माहिती मग वापरता येते. शेवटी ऐकली तर ती नुसती गोष्ट उरते.

एवढ्या कागदांमुळे भटकण्यातली मजाच जाते, हा शेवटचा आक्षेप. त्याला नेपाळ आणि भूतान ही चांगली उत्तरं आहेत. भारतीयांना तिथे व्हिसा लागत नाही, कार्नेटही लागत नाही. नेपाळच्या सीमेवर ‘भन्सार’ म्हणजे कस्टम्स शुल्क भरलं की गाडीला ठरावीक दिवसांची परवानगी मिळते. भूतानमध्ये सीमेवरच्या फुंटशोलिंगच्या पुढे जायला माणसाचा आणि गाडीचा परवाना लागतो, आणि सप्टेंबर २०२२ पासून भारतीयांना दर रात्रीमागे १,२०० रुपये शुल्क भरावं लागतं. एका छोट्या रजेत इथे जाऊन आलं, की दोन वेगळ्या मुदती सांभाळणं, सीमेवर शिक्का तपासणं आणि परक्या देशात विम्याचा कागद दाखवणं हे सगळं कमी जोखमीत शिकता येतं. कागद पक्के असलेला माणूसच रस्त्यात बेत बदलू शकतो, एखाद्या गावात दोन दिवस जास्त राहू शकतो, ऐकलेल्या नव्या वाटेला लागू शकतो. ज्याचा शिक्का राहिला आहे किंवा मुदत संपत आली आहे, त्याला मात्र सीमेकडे पळावं लागतं. म्हणून ज्यांना पुढच्या उन्हाळ्यातला मेळावा गाठायचा आहे, त्यांनी गाडीच्या दुकानात जाण्याआधी एकदा आरटीओचा अर्ज भरावा, चर्चगेटच्या कार्यालयात चौकशी करावी आणि आपली विमा पॉलिसी अपवादांसकट वाचावी.