स्ट्राँगिलॉइडिस: दडून बसणारा जंत

स्ट्राँगिलॉइडिस स्टर्कोरॅलिस या जंताच्या अळ्या दूषित ओल्या मातीत अनवाणी चालणाऱ्याच्या त्वचेतून शरीरात शिरतात. पुढे त्यांची जेमतेम दोन-अडीच मिलिमीटरची मादी लहान आतड्याच्या अस्तरात ठाण मांडते.

गाव सोडून वर्षे लोटली की जंत आपोआप संपतात, ही समजूत इथे खोटी ठरते. या जंताच्या काही अळ्या बाहेर न पडता आतड्याच्या भिंतीतून किंवा गुदद्वाराजवळच्या त्वचेतून पुन्हा आत शिरतात आणि पिढ्यांमागून पिढ्या तयार होत राहतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश-सयाम रेल्वेमार्गावर राबलेल्या ब्रिटिश युद्धकैद्यांमध्ये तीस वर्षांनंतरही हा संसर्ग सापडला. एवढ्या काळात त्रास असा फारसा होत नाही. कधी पोट दुखते, तर कधी नितंबावर किंवा मांडीवर खाजरा लाल वळ उठतो आणि तासाभरात काही सेंटिमीटर पुढे सरकलेला दिसतो.

धोका फक्त एचआयव्हीबाधितांनाच असतो, हाही गैरसमज. खरी भीती आहे ती स्टेरॉइडची, मग ते दम्यासाठी असो, संधिवातासाठी वा मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर. एचटीएलव्ही-१ या विषाणूचा संसर्गही तितकाच घातक. प्रतिकारशक्ती दबली की अळ्यांची संख्या बेसुमार वाढते. त्या फुप्फुसांत, क्वचित मेंदूपर्यंत पोहोचतात आणि सोबत आतड्यातले जिवाणू रक्तात नेतात. स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णाला आतड्यातल्या जिवाणूंमुळे वारंवार सेप्सिस किंवा मेंदूज्वर होत असेल, तर या जंताची शंका घ्यायलाच हवी.

शौचाचा एक रिपोर्ट स्वच्छ आला म्हणजे जंत नाही, असे धरून चालणे सर्वांत महागात पडते. जुन्या संसर्गात अळ्या थोड्या असतात आणि रोज दिसतीलच असे नाही. अंडी तर आतड्यातच फुटतात, त्यामुळे शौचात शोधायच्या त्या अळ्या. म्हणून वेगवेगळ्या दिवसांचे नमुने तपासावे लागतात. अगार प्लेटवर नमुना ठेवला की सरपटणाऱ्या अळ्यांमागे जिवाणूंच्या वसाहतींची नागमोडी रांग उगवते. साध्या तपासणीत निसटलेला जंत अशा वेळी पकडला जातो. रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी उपयोगी असते, पण प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांत ती फसू शकते. रक्तातील इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी वाढल्या नाहीत म्हणून निश्चिंत होणेही चूक, कारण स्टेरॉइड त्यांची संख्या दाबून टाकते.

शाळेत मिळणारी अल्बेंडाझोलची एक गोळी इथे पुरत नाही. पहिली पसंती आयव्हरमेक्टिनला, दर किलो वजनामागे 200 मायक्रोग्रॅम, एक-दोन दिवस. प्रतिकारशक्ती दबलेल्यांत बरेचदा दोन आठवड्यांनी पुन्हा. संसर्ग शरीरभर पसरला असेल तर ते रोज द्यावे लागते, शौच आणि थुंकी दोन आठवडे सतत अळीमुक्त राहीपर्यंत. शक्य असेल तिथे डॉक्टर स्टेरॉइडची मात्रा कमी करतात आणि जिवाणूंसाठी प्रतिजैविके देतात. उपचारांनंतरही एका स्वच्छ नमुन्यावर समाधान मानता येत नाही. तपासणी काही महिने चालू ठेवावी लागते.