अपडेटचा हुकूम आणि ग्राहकाचा हक्क

मोबाईलच्या पडद्यावर एक चौकट उगवते. नवी आवृत्ती तयार आहे. आता टाकायची की रात्री? पर्याय दोनच! 'नको' हा तिसरा पर्याय शोधूनही सापडत नाही, आणि 'नंतर' म्हटले तर दुसऱ्या दिवशी ती चौकट सावकाराच्या माणसासारखी पुन्हा दारात हजर. दहा-बारा हजारांचा मोबाईल हप्त्याने घेतलेला आपला माणूस शेवटी कंटाळून 'हो' दाबतो. हा 'हो' म्हणजे एक करार आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. मोबाईल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज मोबाईलवर, रेशनकार्डाची ई-केवायसी मोबाईलवर, बँकेचा ओटीपी मोबाईलवर, कोर्टाची पुढची तारीखसुद्धा मोबाईलवर. ज्याच्या घरी संगणक नाही, त्याचे सरकारदरबारचे सगळे काम या वीतभर काचेतून चालते. ही काच बंद पडली तर त्याने जायचे कुठे?

प्रथम एक गल्लत दूर केली पाहिजे. अपडेट दोन प्रकारचे असतात. एक सुरक्षेचा, दुसरा संपूर्ण आवृत्ती बदलण्याचा. २०१५ साली अँड्रॉइडमध्ये एक भगदाड सापडले होते. नुसता एक एमएमएस पाठवून परक्या माणसाला तुमच्या मोबाईलमध्ये शिरता येत होते. त्यानंतर गूगलने दरमहा सुरक्षा-दुरुस्ती द्यायला सुरुवात केली. ही दुरुस्ती घरफोडी टाळण्यासाठी कडी बदलण्यासारखी आहे. ती टाळू नये. ज्या मोबाईलवर बँकेचे व्यवहार होतात त्यावर तर मुळीच नाही. आवृत्ती बदलणे मात्र वेगळे. त्यात घराच्या भिंतीच हलवल्या जातात. जुन्या पायावर नवा मजला चढतो. पाया पेलेल की नाही, हे घरमालकाला कोणी विचारत नाही.

हा मजला गरिबाच्या मोबाईलवर बहुधा चढतच नाही, ही दुसरी बाजू. गूगल नवी आवृत्ती तयार करते, पण ती तशीच्या तशी मोबाईलवर बसत नाही. चिप बनवणाऱ्या कंपनीने आपला भाग नव्या आवृत्तीशी जुळवून द्यावा लागतो. मग मोबाईल कंपनी त्यावर आपले रंगरूप चढवते, तपासते आणि टप्प्याटप्प्याने सोडते. या साखळीत खर्च आहे. विकून झालेल्या स्वस्त मोबाईलवर तो खर्च करण्यात कंपनीला रस नसतो. २०१७ साली गूगलने चिपचा भाग आणि मूळ प्रणाली वेगळी करून हे काम सोपे केले, तरीही फरक राहिलाच. २०२३ मध्ये गूगलने आपल्या पिक्सेल ८ ला आणि २०२४ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस २४ ला सात वर्षे अपडेट देण्याचे जाहीर केले. हे मोबाईल कोण घेतो? स्वस्तातल्या कितीतरी मोबाईलना एक-दोन आवृत्त्यांवरच वाटेला लावले जाते. मग ॲप चालवणारे आपला उंबरठा वर उचलतात. २०२३ च्या ऑक्टोबरपासून व्हॉट्सॲपने अँड्रॉइड ५ च्या आतल्या मोबाईलना सेवा बंद केली. मोबाईल धडधाकट, पण गावाबाहेर!

महाराष्ट्राने याचे सर्वांत बोलके उदाहरण २०२१ साली पाहिले. अंगणवाडी सेविकांना २०१९ च्या सुमारास सरकारने मोबाईल दिले होते. त्यांची मेमरी अवघी दोन जीबी. २०२१ मध्ये केंद्राने पोषण ट्रॅकर हे नवे ॲप आणले आणि बालकांच्या वजन-उंचीची, आहाराची सारी नोंद त्यावरच करा असे फर्मावले. मोबाईल तापू लागले, अडकू लागले. वॉरंटी संपलेली, दुरुस्तीचा भुर्दंड सेविकांच्या माथी, आणि ॲप इंग्रजीत. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये राज्यभरातील सेविकांनी हे मोबाईल शासनाला परत करण्याचे आंदोलन केले. मला या आंदोलनाचे मोल फार वाटते. नवे सॉफ्टवेअर लादणाऱ्याने ते चालेल असे यंत्रही दिले पाहिजे, हा मुद्दा कोणत्याही पुस्तकी पंडिताच्या आधी या मानधनावरच्या बायांनी रस्त्यावर मांडला.

आता ज्यांना अपडेट मिळतो आणि मिळून फसतात, त्यांच्याकडे वळू. माझ्याकडे अशी माणसे येतात. एका डिलिव्हरी करणाऱ्या तरुणाचा मोबाईल रात्री अपडेट झाला आणि सकाळपासून बॅटरी दोन तासांत उतरू लागली. "वकीलसाहेब, मी नुसतं हो दाबलं," तो म्हणाला. सर्व्हिस सेंटरने त्याला सांगितले की मोबाईल जुना झाला, नवा घ्या. जुनी आवृत्ती परत टाकून द्या म्हटले तर म्हणे तसे करता येत नाही. त्याची चार दिवसांची रोजी बुडाली, ती कोणाच्या हिशेबात धरायची?

हा 'परत फिरता येत नाही' हाच कायद्याच्या दृष्टीने कळीचा मुद्दा आहे. ॲपल कंपनीने २०१७ च्या डिसेंबरमध्ये कबूल केले की बॅटरी जुनी झालेल्या आयफोनचा वेग तिच्या अपडेटने कमी होतो. मोबाईल अचानक बंद पडू नये म्हणून तसे केले, हा तिचा खुलासा. तांत्रिकदृष्ट्या त्यात तथ्य होते. पण ग्राहकाला आधी सांगितले नाही, हा अपराध त्याने धुतला जात नाही. बॅटरी बदलून काम भागले असते, तिथे लोकांनी नवा मोबाईल घेतला. फ्रान्सच्या ग्राहक खात्याने याच कारणावरून २०२० मध्ये अडीच कोटी युरोंचा दंड केला. त्याआधी २०१८ मध्ये इटलीच्या प्राधिकरणाने ॲपलला एक कोटी आणि सॅमसंगला पन्नास लाख युरो दंड ठोठावला होता. सॅमसंगचे प्रकरण नोट ४ या मोबाईलचे. नव्या मोबाईलसाठी बनवलेली आवृत्ती जुन्यावर टाकायला लोकांना भाग पाडले, पुरेशी माहिती दिली नाही आणि मूळ स्थिती परत मिळवण्याचा मार्ग ठेवला नाही, असा तो ठपका. अमेरिकेत ॲपलने आरोप मान्य न करता पन्नास कोटी डॉलरपर्यंतची तडजोड केली. युरोपीय संघात तर २० जून २०२५ पासून असा नियम लागू झाला आहे की, मोबाईलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षे अपडेट मोफत उपलब्ध राहिले पाहिजेत.

आणि आपल्याकडे? २०२५ च्या जानेवारीत आयओएस १८ नंतर आयफोन बिघडल्याच्या तक्रारी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आल्या आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ॲपलला नोटीस काढली. त्याच वर्षी दुरुस्ती-सुलभतेच्या निर्देशांकावर सरकारी समितीने अहवाल दिला. त्यात सॉफ्टवेअर अपडेट हाही एक निकष आहे. पण निकष म्हणजे कायदा नव्हे. आयफोनवाल्यांचा आवाज दिल्लीत ऐकू गेला, ही गोष्ट चांगलीच. आठ हजारांच्या मोबाईलवाल्याने मात्र आपला आवाज स्वतःच काढायचा आहे.

त्यासाठी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हाताशी आहे. कंपनीचे वकील दोन बचाव हमखास घेतात. पहिला, वॉरंटी संपली. त्याला उत्तर असे की, बिघाड झिजेने झालेला नाही, कंपनीने स्वतः पाठवलेल्या वस्तूने झालेला आहे. दुसरा बचाव जास्त धूर्त आहे. अपडेट फुकट दिला, आणि फुकट सेवा कायद्याच्या व्याख्येत बसत नाही! इथे ठणकावून सांगावे की अपडेटची किंमत मोबाईलच्या किमतीतच वसूल झालेली आहे. 'इतकी वर्षे अपडेट मिळतील' अशी जाहिरात करूनच तो विकला गेला. म्हणून ती जाहिरात, तो खोका जपून ठेवा. आणखी एक खाचखळगा ध्यानात घ्यावा. 'हो' दाबून घेतलेला करारच अन्यायकारक आहे असा दावा केला, तर तो जिल्हा आयोगात चालत नाही, राज्य आयोगाकडे जावे लागते. आठ हजारांच्या मोबाईलसाठी मुंबई-नागपूरच्या खेपा कोण घालणार? त्यापेक्षा वस्तूतील दोष, सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा या शब्दांत तक्रार बांधावी.

पुरावा मात्र आधीच करावा लागतो. आवृत्ती बदलण्यापूर्वी फोटो-कागदपत्रांची प्रत दुसरीकडे ठेवा, जुन्या आवृत्तीच्या क्रमांकाचा आणि आलेल्या सूचनेचा स्क्रीनशॉट घेऊन दुसऱ्याच्या मोबाईलवर पाठवा. परीक्षेचा अर्ज, मुलाखत, कोर्टाची तारीख तोंडावर असेल तर आवृत्तीला दोन-तीन आठवडे थांबू द्या. तोवर इतरांचे काय झाले ते कळते. बिघडलाच तर सर्व्हिस सेंटरकडून जॉबशीट लेखी घ्या. "साहेब, तोंडी सांगितलं ना," यावर कोणताही आयोग निकाल देत नाही. स्क्रीनशॉटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र जोडलेले बरे.

तक्रारीची सुरुवात १९१५ या क्रमांकावर फोन करून होते. तिथे भागले नाही तर जिल्हा आयोग. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते, वकील लावण्याची सक्ती नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे. बिघाड तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग मोबाईल प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. ही मागणी तक्रारीतच लिहा, नाहीतर कंपनीचा तंत्रज्ञ म्हणेल तेच नोंदीवर राहते.