पसरट कुंडीतला वड

२००६ सालची वटपौर्णिमा झाली, दुसरा दिवस उजाडला आणि आमच्या सोसायटीच्या कचऱ्याच्या डब्यात वडाच्या सात-आठ फांद्या येऊन पडल्या. बाजारातून विकत आणलेल्या, हळदकुंकू लागलेल्या, सुताचे वेढेही तसेच. आमच्या घरची फांदी टाकायला मी खाली गेले होते, पण हात पुढे होईना. "अगं, वडाचं काय, जमिनीत खोचला तरी जगतो," असं सासूबाई आदल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. मी फांदी परत वर आणली. अंगठ्याएवढा जाड, वीतभर लांब तुकडा ठेवला, पानं काढून टाकली आणि तो गॅलरीतल्या एका कुंडीत खोचला. पाऊस लागलेलाच होता. महिन्याभरात तुकड्यावर तांबूस कोंब आले.

आज तो वड बावीस इंच उंच आहे. बुंधा माझ्या मनगटाहून जाड आहे, पाच पारंब्या मातीत टेकल्या आहेत, आणि हे सगळं दोन इंच खोल कुंडीत उभं आहे. या एका झाडाने मला बोन्सायचा जो नाद लावला तो अजून सुटलेला नाही, आणि सुटावा असं वाटतही नाही.

जपानी भाषेत 'बोन' म्हणजे तबकासारखं उथळ भांडं आणि 'साय' म्हणजे लावणं. मराठीत आपण वामनवृक्ष म्हणतो. कला मूळची चीनची. तिथल्या थांग राजवटीतला राजपुत्र झांगहुआई याच्या थडग्यात इ. स. ७०६ च्या सुमाराची भित्तिचित्रं आहेत. त्यातल्या एका चित्रात सेवकाच्या हातात एक तबक आहे आणि तबकात खडक आणि चिमुकली झाडं. जपानने ही कला चीनकडून घेतली आणि तिला आज जगभर ओळखलं जाणारं रूप दिलं.

माझी कुंडी बघून शेजारच्या काकू पहिल्यांदा म्हणाल्या, "काय गं हे, एवढ्या मोठ्या वडाचे हाल!" हा आक्षेप मी अनेकांकडून ऐकला आहे आणि तो मनापासून असतो, म्हणून त्याचं उत्तरही नीट द्यायला हवं. बोन्साय म्हणजे उपाशी ठेवलेलं झाड नव्हे. त्याला खत लागतं, ऊन लागतं, उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पाणी लागतं. झाडाची जात बदललेली नसते. माझा वड उद्या मोकळ्या जमिनीत लावला तर तो रस्त्याकडेच्या वडासारखा पसरेल. लहान राहतो तो छाटणीने. प्रत्येक फांदीच्या शेंड्यात एक संप्रेरक तयार होतं आणि ते खालच्या डोळ्यांना फुटू देत नाही. शेंडा खुडला की हा दाब जातो, दोन-तीन डोळे एकदम फुटतात, एका फांदीच्या तीन होतात. वाढ अशी वाटली गेली की पानंही लहान येतात. सुदृढ झाडाची सगळी पानं चैत्राच्या सुमाराला देठ ठेवून कापली, तर नवी पालवी आणखी लहान येते. माझ्या वडाचं पान पूर्वी तळहाताएवढं होतं, आता दोन बोटांएवढं आहे. फुलं-फळं मात्र या हिशेबाला बधत नाहीत. वीतभर डाळिंबाला लागलेलं डाळिंब जवळजवळ नेहमीच्याच आकाराचं असतं आणि फांदी त्याच्या ओझ्याने वाकते.

बुंधा जाड व्हायचा तर झाड आधी वाढू द्यावं लागतं. त्या कुंडीतून काढलेला माझा वड पहिली पाच वर्षं फुटक्या बादलीत मोकाट वाढला. माणसाच्या उंचीएवढा झाला, तेव्हा मी तो बुंध्यापासून वीतभरावर कापला. त्या दिवशी करवत धरलेला हात थरथरत होता. पंधरा दिवस उभ्या राहिलेल्या खुंटाकडे बघत काढले आणि एका सकाळी कापाच्या खाली मोहरीएवढा हिरवा ठिपका दिसला. बोन्साय करणाऱ्या कुणालाही विचारा, असा एक ठिपका त्याला आठवत असतो.

पारंब्यांची गोष्ट तर सांगायलाच हवी. हवेत दमटपणा असेल तरच पारंबी सुटते, म्हणून पावसाळा हा त्यांचा काळ. फांदीतून सुताएवढी पारंबी लोंबायला लागली की शीतपेयाची नळी उभी चिरून, ओलं शेवाळ भरून ती पारंबीभोवती बसवायची, खालचं टोक मातीत रोवायचं. पारंबी नळीतल्या ओलाव्याने सरळ खाली उतरते. मातीत टेकली की काही महिन्यांत ती जाड व्हायला लागते आणि मग नळी काढून टाकायची. माझी पहिली पारंबी भाद्रपदात मातीला टेकली. त्या संध्याकाळी मी घरातल्या सगळ्यांना गॅलरीत बोलावलं होतं.

सगळंच असं साधलं नाही. एका नर्सरीतून मी हौसेने ज्युनिपर आणला. "टीपॉयवर ठेवा, छान दिसतो," असं विकणाऱ्याने सांगितलं आणि मी ठेवला. दोन महिने तो हिरवागार दिसत होता आणि मग एकाएकी तपकिरी पडला. नंतर कळलं की ज्युनिपर मेल्यावरही कित्येक आठवडे हिरवा दिसतो. मी रोज पाणी घालत होते ते मेलेल्या झाडाला. बोन्साय हे बाहेरचं झाड आहे, उन्हावाऱ्याचं. शिवाय ज्युनिपरसारख्या सूचिपर्णी झाडांना हिवाळ्यातली थंडी लागते, ती मुंबई-पुण्याच्या गॅलरीत कुठून मिळणार? आपल्याकडे वड, पिंपळ, उंबर, नांदरुक, चिंच, कामिनी, बोगनवेल ही झाडं असताना परक्या हवेतल्या झाडासाठी जीव टाकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यातही नवख्याने नांदरुक घ्यावा. पानं मुळातच लहान, छाटणी मुकाट्याने सोसतो, एखाद्या दिवशी पाणी चुकलं तरी रुसत नाही.

जपानमध्ये या झाडांभोवती एक अख्खं गाव उभं राहिलं. १९२३ च्या भूकंपात तोक्यो उद्ध्वस्त झालं, तेव्हा तिथले बोन्साय व्यावसायिक मोकळी जागा आणि चांगलं पाणी शोधत उत्तरेला ओमियाला गेले आणि १९२५ मध्ये त्यांनी बोन्सायगाव वसवलं. तिथे राहायला येणाऱ्यासाठी अटी होत्या: घरात किमान दहा बोन्साय हवीत, बागेचं फाटक सर्वांना उघडं हवं, कुंपण झाडांचंच हवं आणि घर दुमजली नको. आता तिथे मोजक्याच बागा उरल्या आहेत, पण २०१० पासून खास बोन्सायचं कलासंग्रहालय आहे आणि दर मे महिन्याच्या सुरुवातीला मोठी जत्रा भरते.

जपानच्या 'नो' नाट्यपरंपरेत 'हाचि नो कि', म्हणजे कुंडीतलं झाड, नावाचं नाटक आहे. बर्फाच्या रात्री एक वाटसरू भिक्षू एका दरिद्री सामुराईच्या दारी येतो. घरात जळण नाही. सामुराईपाशी चांगल्या दिवसांतली तीनच झाडं उरलेली असतात: आलुबुखार, चेरी आणि पाइन. पाहुण्याला ऊब मिळावी म्हणून तो ती तिन्ही जाळतो. तो भिक्षू म्हणजे वेश पालटून फिरणारा राज्याचा माजी कारभारी होजो तोकियोरी असतो. पुढे तो सामुराईला त्या तीन झाडांच्या नावांची तीन गावं इनाम देतो. स्वतः वाढवलेलं झाड चुलीत घालणं म्हणजे काय, हे ज्याने एखादं वाढवलं आहे त्यालाच कळेल.

वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात एक पांढरा पाइन आहे. १६२५ पासून त्याची निगा चालू आहे, म्हणजे तो रुजला तेव्हा शिवाजी महाराजांचा जन्मही झालेला नव्हता. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली तेव्हा, १९७६ मध्ये, जपानने त्रेपन्न बोन्साय भेट दिली, त्यातला हा एक. देणारे मासारू यामाकी. २००१ मध्ये त्यांचे नातू झाड बघायला आले तेव्हा तिथल्या लोकांना पहिल्यांदा समजलं की हे झाड हिरोशिमाचं आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी बाँब पडला त्या जागेपासून यामाकींचं घर जेमतेम तीन किलोमीटरवर होतं. बागेच्या भिंतीने झाड वाचलं. ज्या देशाने बाँब टाकला त्याच देशाला ते दिलं गेलं, आणि देताना त्याबद्दल एक शब्दही उच्चारला गेला नाही. पंचवीस वर्षं पाणी घालणाऱ्यांनाही ते ठाऊक नव्हतं.

२०१९ मध्ये सायतामा प्रांतातल्या एका दांपत्याच्या बागेतून सात बोन्साय चोरीला गेली. त्यात चारशे वर्षांचा एक शिम्पाकू ज्युनिपर होता. पत्नीने चोरांना उद्देशून समाजमाध्यमावर लिहिलं, त्यात तिची मुख्य विनंती होती की झाडांना पाणी घाला. बातमी वाचली तेव्हा मी उठून गॅलरीत गेले आणि कुंडीत बोट खुपसून पाहिलं.

आपल्याकडेही हा नाद आता चांगला रुजला आहे. म्हैसूरला दत्तपीठाच्या आवारात किष्किंधा मूलिका बोन्साय उद्यान आहे. २०१८ च्या फेब्रुवारीत प्राजक्ता काळे यांच्या पुढाकाराने पुण्यात आंतरराष्ट्रीय बोन्साय संमेलन भरलं. बोन्साय ही श्रीमंतांची हौस आहे हा समज मात्र जायला तयार नाही. तयार झाड विकत घेतलं तर पैसे लागतात हे खरं, कारण तिथे आपण दुसऱ्याच्या आयुष्यातली वर्षं विकत घेत असतो. स्वतः केलं तर एक सिकेटर, थोडी अॅल्युमिनियमची तार, एक चाळणी आणि विटांचे तुकडे एवढ्यावर भागतं.

म्हणून या दिवाळीत एक काम करा. घराच्या रंगरंगोटीत, दुरुस्तीत निघालेले विटांचे तुकडे फेकू नका. ते हरभऱ्याएवढे फोडून चाळून घ्या, भुगा टाकून द्या, खडे डब्यात भरून ठेवा. काळी माती घेऊ नका, ती पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात. खडे दोन भाग, लाल माती एक भाग, गांडूळ खत एक भाग, हे मिश्रण आमच्याकडच्या हवेला मानवतं. कुंडीच्या तळाला पाणी जायला भोक हवंच, त्यावर जाळीचा तुकडा. मग ज्येष्ठात वटपौर्णिमेला घरी फांदी आणलीत, तर पूजेनंतर ती रात्रभर पाण्यात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लावा. फांदी आणायचीच नसेल तर आमच्या डब्यात त्या वर्षी होत्या तशा सात-आठ तुमच्याही डब्यात असतील.