दिवा विझला, म्हणजे ब्रेक सुधारला का?



या अंकात आम्ही अभ्यासाऐवजी गाडीच्या ब्रेकविषयी लिहीत आहोत. त्यामागे एक कारण आहे आणि ते आम्हाला फारसे भूषणावह नाही, तरी सांगणे आवश्यक वाटते.

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरच्या गाडीच्या डॅशबोर्डवर 'एबीएस' असे लिहिलेला पिवळा दिवा लागला. भाच्याने एक लहानसे कोड स्कॅनर आणून दिले होते. ते गाडीला जोडले, मोबाईलवर एक क्रमांक उमटला, खाली 'कोड पुसा' असे बटण होते. आम्ही ते दाबले. दिवा विझला. दोन दिवसांनी पुन्हा लागला, पुन्हा पुसला. त्याच आठवड्यात शाळेच्या दोन विद्यार्थ्यांना वक्तृत्व स्पर्धेसाठी इंदूरहून देवासला त्याच गाडीतून नेले. वाटेत पाऊस होता. पुढचा ट्रक अचानक थांबला, आम्ही ब्रेक दाबला आणि गाडी चाके जाम होऊन घसरत गेली. ट्रकपासून हातभर अंतरावर थांबली. मागे बसलेल्या मुलाने विचारले, "सर, हा पिवळा दिवा कसला?" तो दिवा पुन्हा केव्हा लागला होता, हे आमच्या लक्षातही आले नव्हते.

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, आणि यंत्रांशी संबंध सायकलपुरताच होता. परंतु त्या प्रसंगानंतर एका जुन्या मिस्त्रींकडे बसून जे समजून घेतले, ते येथे देत आहोत.

प्रथम दिवे ओळखू या. ब्रेकचे मुख्य दिवे दोन. एक लाल, वर्तुळात उद्गारचिन्ह असलेला. दुसरा पिवळा, एबीएस लिहिलेला. चावी ऑन केली की दोन्ही दिवे लागतात आणि पिवळा काही सेकंदांत विझतो. लाल दिवा हॅन्डब्रेक सोडल्यावर विझतो. ही गाडीने स्वतःची घेतलेली हजेरी आहे असे समजावे. चावी ऑन करूनही एखादा दिवा मुळीच लागत नसेल, तर आनंद मानू नये. दिवा गेला असेल किंवा कोणी मुद्दाम तोडला असेल. जुनी गाडी विकत घेताना ही हजेरी अवश्य पाहावी.

लाल दिव्याची साधी कारणे स्कॅनर सांगत नाही. हॅन्डब्रेक थोडा ओढलेला राहिला असेल, किंवा ब्रेक ऑइल कमी झाले असेल. ऑइलच्या डबीवर किमान आणि कमाल अशा दोन रेषा असतात. गाडी सपाट जागी उभी करून पातळी पाहावी. येथे एक मोठी चूक होते. पातळी कमी दिसली की लोक ऑइल भरतात, दिवा विझतो आणि विषय संपतो. परंतु ब्रेकचे पॅड झिजत गेले की ऑइल चाकांकडे सरकते आणि डबीतील पातळी खाली येते. म्हणून तो दिवा पुष्कळदा पॅड संपत आल्याचे सांगत असतो. नाही तर कोठे तरी गळती असते. दोन्ही बाबतींत नुसते ऑइल भरणे म्हणजे निरोप आणणाऱ्यालाच घालवून देणे होय. भरावेच लागले, तर डबीच्या झाकणावर लिहिलेले, म्हणजे डॉट ३ किंवा डॉट ४, तेच भरावे. इंजिन ऑइल चुकूनही टाकू नये. त्याने रबराचे वॉशर फुगतात आणि सगळी ब्रेक यंत्रणा निकामी होते.

आता पिवळा दिवा. एबीएस म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी व्यवस्था. प्रत्येक चाकापाशी वेग मोजणारा एक सेन्सर असतो. एखादे चाक बाकीच्यांपेक्षा एकदम मंदावले, की यंत्रणा त्या चाकाचा ब्रेक क्षणभर सोडते आणि पुन्हा धरते. त्यामुळे निसरड्या रस्त्यावरही स्टिअरिंग वळवता येते. भारतात एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे आहे. सेन्सरकडून खबर नीट आली नाही की यंत्रणा स्वतःला बंद करते आणि पिवळा दिवा लावते. तेव्हा साधा ब्रेक चालू असतो, पण आमची गाडी घसरली तशी घसरू शकते.

स्कॅनर येथे उपयोगी पडते. स्टिअरिंगच्या खाली १६ पिनांचे सॉकेट असते, त्यात ते बसते. पण सर्व स्कॅनर सारखे नसतात. स्वस्त उपकरणे पुष्कळदा फक्त इंजिनचे, म्हणजे 'पी' अक्षराने सुरू होणारे कोड वाचतात. ब्रेकचे कोड बहुधा 'सी' ने सुरू होतात. इंजिनपुरते स्कॅनर 'दोष नाही' म्हणाले, तर त्याचा अर्थ त्याने ब्रेककडे पाहिलेच नाही. घेताना आपल्या गाडीचे एबीएस वाचते का, हे विचारून घ्यावे.

आमच्या मोबाईलवर 'सी ००३५' उमटला होता. प्रमाणित यादीत तो पुढच्या डाव्या चाकाच्या वेग-सेन्सरचा आहे. ००४० पुढच्या उजव्याचा, ००४५ मागच्या डाव्याचा, ००५० मागच्या उजव्याचा. काही कंपन्या स्वतःचे वेगळे क्रमांकही वापरतात. परंतु कोड म्हणजे निदान नव्हे. थर्मामीटर ताप आहे एवढेच सांगते, मलेरिया की टायफॉइड ते डॉक्टरांनी पाहायचे असते. हा कोड सेन्सरपासून सुरू होणाऱ्या सगळ्या वाटेविषयी बोलतो: सेन्सर, त्याची तार, जोडणीचा प्लग, दातेरी रिंग, चाकाची ढिली बेअरिंग. आमच्या गाडीत सेन्सर ठणठणीत होता. चाकामागची तार घासून उघडी पडली होती. पाणी लागले की दिवा लागे, सुकले की विझे. कोडवर भरवसा ठेवून नवा सेन्सर आणला असता, तर पैसे गेले असते आणि दोष तसाच राहिला असता.

म्हणून घरी करायचे काम एवढेच. कोड आणि तारीख वहीत लिहून ठेवा. लिहिण्यापूर्वी पुसू नका, कारण मिस्त्रींना तोच पुरावा हवा असतो. स्कॅनर चारही चाकांचा वेग दाखवत असेल, तर रिकाम्या रस्त्यावर सावकाश चालवा आणि आकडे शेजारी बसलेल्या माणसाला वाचू द्या. तीन चाके २० दाखवतात आणि एक शून्य, तर दोषाची जागा कळली. कोड पुसायचा तो दुरुस्ती झाल्यावर, ती खरी झाली का हे पाहण्यासाठी.

आणि केव्हा गाडी मुळीच हलवू नये? हॅन्डब्रेक सोडूनही लाल दिवा राहिला, लाल व पिवळा दोन्ही एकदम लागले, किंवा ब्रेकचा पेडल मऊ होऊन खाली जाऊ लागला, तर गाडी तेथेच उभी करून मिस्त्रींना बोलवावे. ओंकारेश्वरला जाताना भेरूघाट उतरणाऱ्या पालकांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

शेवटी एक विनंती. शाळेत मुलांना आणणाऱ्या गाड्यांच्या चालकांशी आम्ही बोललो. दिवा लागल्याचे सांगितले तर गाडी उभी राहील आणि दिवसाची मजुरी जाईल, म्हणून ते गप्प राहतात, असे दोघांनी मोकळेपणाने सांगितले. त्यांना दोष देण्याचा अधिकार आम्हाला नाही. आम्ही तर मजुरीची चिंता नसतानाही बटण दाबून मोकळे झालो होतो. म्हणून ब्रेकचा दिवा कळवणाऱ्या चालक काकांची त्या दिवसाची मजुरी कापली जाऊ नये आणि पर्यायी गाडीचा खर्च शाळेने करावा, असा प्रस्ताव आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवत आहोत. पालकांनीही त्या दिवशी मूल अर्धा तास उशिरा पोचले, तर काकांवर रागावू नये.

विद्यार्थ्यांनो, गाडीत बसताना दिवा दिसला तर त्या मुलासारखे विचारा. आम्ही त्या दिवशी "काही नाही, बस" असे उत्तर दिले होते. ते उत्तर चुकीचे होते.