आधी विमान, मग बटण

ऑफिसात मॉनिटर रुसला की आपला उपाय ठरलेला. बाजूने एक टपली, मग रीस्टार्ट, आणि तोवर कॉफी मशीनकडे एक चक्कर. पण साडेतीन हजार फुटांवर, चार सीटच्या सेसना १७२ मध्ये स्क्रीन रुसली तर? कॉफी प्यायला कुठं जाणार, बॉस?

आणि हा काही फक्त उद्योगपतींच्या पोरांचा प्रश्न नाही. वय १७, दहावी पास, मेडिकल, लेखी पेपर आणि किमान ४० तास उड्डाण केलं की प्रायव्हेट पायलट लायसन्ससाठी अर्ज करता येतो. (खर्चाचा आकडा मुद्दाम टाळतोय. ईएमआयवाल्यांचा मूड कशाला घालवा?) सुट्ट्या साठवून बारामतीचं फ्लाइंग स्कूल गाठणारा एखादा आयटीवाला तुमच्याही ओळखीत निघेल.

पूर्वी अशा विमानात समोर गोल डायल असायच्या. २००४ च्या सुमारास गार्मिनची जी १००० सिस्टीम आली आणि त्यांच्या जागी १०.४ इंची दोन स्क्रीन बसल्या. डावीकडे वेग, उंची, क्षितिज. उजवीकडे नकाशा आणि इंजिन. दोन्हींच्या कडेने बटणं आणि नॉब. एकदम सही दिसतं. गडबड या कडेलाही होते.

बटण दाबलेलंच राहतं. नॉब एक घर फिरवावा तर आकडा तीन घरं उडी मारतो, किंवा हलतच नाही. बटण अडकलं तर सिस्टीम स्वतःच तसा इशारा देते आणि त्यावर मॅन्युअलचा सल्ला काय, तर ते दोन-चारदा दाबून बघा! म्हणजे आपण टीव्हीच्या रिमोटशी वागतो तसंच. तरीही नाही सुटलं तर उतरल्यावर दुरुस्तीला द्या.

यात सगळ्यात वाईट खोड हवेचा दाब सेट करणाऱ्या नॉबची. विमान उंची मोजतं ती हवेच्या दाबावरून. टॉवर त्या दिवसाचा दाब सांगतो, तो आकडा तुम्ही फीड करायचा. एक हेक्टोपास्कल चुकला की उंचीत साधारण ३० फुटांचा फरक. दहा चुकले की ३००. धावपट्टीभोवती घिरटी घालताना तुम्ही जमिनीपासून जेमतेम हजार फुटांवर असता, त्यातले ३०० फूट गायब! म्हणून स्क्रीनखाली तीन जुन्या गोल डायल अजून ठेवल्यात: वेग, क्षितिज, उंची. उंचीच्या डायलला स्वतःचा वेगळा नॉब आहे. दाब तिथे सेट करा, तिच्यावर उडा आणि वरच्या नॉबचा नाद सोडा.

हे नाद सोडणंच कठीण. २९ डिसेंबर १९७२ ची गोष्ट आहे. विमान छोटं नव्हे, ईस्टर्न एअरलाइन्सचं फ्लाइट ४०१. मायामीजवळ पुढच्या चाकाचा एक दिवा लागेना. कॉकपिटमधली मंडळी त्या बल्बच्या मागे लागली. दरम्यान ऑटोपायलटने उंची धरून ठेवणं सोडलं, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. विमान दलदलीत उतरलं ते थेट. १७६ पैकी १०१ माणसं गेली. बल्बसाठी!

स्क्रीन पूर्ण काळीच पडली तर मामला उलट सोपा आहे. दोन स्क्रीनच्या मधे लाल बटण असतं. ते दाबलं की जी स्क्रीन जिवंत आहे तिच्यावर उड्डाण आणि इंजिन, दोन्हींची माहिती दाटीवाटीने येते. अख्खी वीजच गेली तर स्टँडबाय बॅटरी साधारण अर्धा तास साथ देते. ती ठीक आहे का, हे इंजिन सुरू करण्याआधी २० सेकंद स्विच दाबून तपासायचं असतं. ही २० सेकंदं कंटाळवाणी असतात खरी.

एवढी सोय असूनही अमेरिकेच्या एनटीएसबीने २०१० मध्ये काढलेला निष्कर्ष चक्रावणारा होता. २००२ ते २००६ मध्ये बनलेल्या आठ हजारांहून अधिक छोट्या विमानांची तुलना केली, तर स्क्रीनवाल्यांचे एकूण अपघात कमी, पण जीवघेण्या अपघातांचं प्रमाण जास्त! स्क्रीन वाईट असा त्याचा अर्थ नाही. ती बिघडल्यावर काय करायचं याचं त्या-त्या सिस्टीमनुसार वेगळं ट्रेनिंग हवं, असं त्यांचं म्हणणं.

म्हणूनच चांगला इन्स्ट्रक्टर मधेच हात घालून स्क्रीनचा ब्राइटनेस शून्यावर आणतो आणि गप्प बसतो. पहिल्यांदा जाम घाम फुटतो. तिसऱ्या वेळी नजर आपसूक खालच्या डायलकडे जाते.

आणि उतरल्यावर ‘स्नॅग’ लिहायचा. विमानाच्या बिघाडाला आपल्याकडे हाच शब्द. नॉब सुटला, चालतोय की, आता कशाला लिहा, पुढच्याचा स्लॉट जाईल, असं हमखास वाटतं. पण अर्ध्या तासाने त्याच सीटवर दुसरं कुणीतरी बसणार असतं, कदाचित पहिल्या सोलोला, आणि तो नॉब उडी मारतो हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.