एकट्याच्या गाण्याचा चित्रपट

पापडीच्या चर्चमध्ये गानवृंदाला मी गिटारवर साथ करतो. माझा सूर घसरला तर बाकीचे सांभाळून घेतात. एकट्यानं गाणाऱ्याला हा आधार नसतो.

म्हणूनच दिग्दर्शक जोनाथन डेमी यांचा ‘नील यंग जर्नीज’ हा चित्रपट मला मोलाचा वाटतो. कॅनडाचे रॉक गायक-गीतकार नील यंग 2011 मध्ये एकट्याच्या दौऱ्यावर होते. टोरांटोच्या मॅसी हॉलमधल्या शेवटच्या दोन रात्री डेमींनी चित्रित केल्या. सोबत बँड नाही. गिटार, पियानो, हार्मोनिका सगळं यंगच वाजवतात. एक छोटा कॅमेरा थेट मायक्रोफोनपाशी आहे, त्यामुळे काचेवर उडालेला थुंकीचा थेंबही दिसतो. अधूनमधून ते 1956 सालची फोर्ड चालवत बालपणीच्या ओमेमी गावातून फिरतात. ‘ओहायो’ गाताना 1970 मध्ये केंट स्टेट विद्यापीठातल्या गोळीबारात मारले गेलेले चार विद्यार्थी पडद्यावर येतात.

असं एकट्यानं करणारे आपल्याकडेही आहेत. गोव्यात शिवोलीचे गायक रेमो फर्नांडिस यांनी 1984 मध्ये ‘गोवन क्रेझी’ हा अल्बम घरीच, वाद्यं स्वतः वाजवून ध्वनिमुद्रित केला.

तुमच्या गावात कोणी असं एकट्यानं गात असेल, तर त्याचा कार्यक्रम जवळून आणि संपूर्ण चित्रित करून ठेवा.